बदली आप, पछी जा!

...नाही नाही, तुम्ही बसा हो! उठता कशाला? उठून जाणार कुठं? तुमचा माणूस आत, माझा नंबर यायचाय, आणि मधे हा ऑपरेशनचा दरवाजा, तो काय आपल्या हातानं उघडतो? बसा. मला बोलू द्या. रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही पोटात, आणि हा हिरवा झगा बघा, पुढून बघा हां, मागून नका बघू, मागं नुसत्या नाड्या आहेत... तर पळूनही जाता येत नाही! अशा झग्यात माणूस पळेल तरी कुठपर्यंत? आणि काल मोठे डॉक्टर आले, सगळ्यांसमोर म्हणाले, अगदी थंडपणे, दुधी भोपळा चिरायचा असल्यासारखं, "जुओ लोटूभाई, गळामां अवाजनी नस छे. कदाच अवाज बेसी बी जाय."

आवाज बसू शकतो! म्हणजे हे जे मी तुमच्याशी बोलतोय ना, हे असं समजा की दुकान बंद व्हायच्या आधीचा माल आहे. जेवढा आहे तेवढा काढून टाकतो. तुम्ही म्हणाल, काय बोलबोल करतो हा माणूस! अहो, अर्धं आयुष्य लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांवर गेलं. तिथं खडखडाट असा, की शेजारच्या माणसाला ओरडून सांगितलं तरी त्याला आपलं तोंडच दिसतं, शब्द नाही. दिवसभर हातवारे! आणि घरी आलो की कमल, म्हणजे आमची मंडळी, ती बोलते. मग माझा आवाज वापरला कुणी? नवा कोरा पडलाय! आणि आता म्हणे बसणार.

तर तुम्हाला सांगतो, सगळं दुखणं त्या एका वाक्याचं आहे. खात्यातला मास्तर, आमचा भाईदासभाई, त्याला एकच वाक्य येतं. पोटात कळ आली, जाऊ का? "बदली आप, पछी जा!" गावाला सासरे वारले, जाऊ का? "बदली आप, पछी जा!" तुमच्या जागी लूमवर दुसरा माणूस उभा करा, त्याला म्हणायचं बदली, तो आला की मग तुम्ही मरायला मोकळे. लूम थांबता कामा नये. माणूस कुठलाही चालेल! प्लेगच्या साली आठवतंय ना? अख्खं सुरत पळालं. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. आणि लोकांना वाटलं, लोटू काय धीराचा माणूस, लोटू हलला नाही! अहो धीर कसला? बदली मिळाली नाही! सगळे बदली आधीच पळालेले!

पण वाल्मिक होता. वाल्मिक म्हणजे माझा जोडीदार. माझी दिवसपाळी, त्याची रातपाळी, लूम तेच. भेस्तानला त्याची खोली माझ्या खोलीला लागून. लहान भावासारखा आहे. मला ताप आला की तो माझी पाळी ओढतो, तो गावाला गेला की मी त्याची. लग्नाबिग्नाचं नाव काढत नाही, म्हणतो, "दादा, रातपाळीवाल्याले कोन पोरगी देई?" तर हा वाल्मिक एक दिवस पाळी बदलताना माझ्याकडे बघतो आणि आपल्या गळ्यावर बोट फिरवतो. असं... आडवं! मला वाटलं, मास्तर आज माझी मान कापणार, कापडात काही खोट निघाली. मी हात जोडले. तो पुन्हा बोट फिरवतो. मी पुन्हा हात जोडले. शेवटी त्यानं माझं बोट धरलं आणि माझ्याच गळ्यावर ठेवलं. तिथं ही गाठ. सुपारीएवढी. चहा गिळला की वर जायची, खाली यायची.

मग काय? दवाखाना. पहिल्या डॉक्टरांनी गाठीत सुई घातली. चार दिवसांनी कागद आला. मी विचारलं, "कॅन्सर आहे का?" म्हणाले, "कही नी शकाय." सांगता येत नाही! "मग नाही का?" "ए बी कही नी शकाय." अहो मग सुई घातली कशाला? तर म्हणाले, या जातीची गाठ सुईला कळत नाही, गाठ काढायची, चिरून काचेखाली बघायची, तेव्हा कळतं. मग मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मान वर करून सुद्धा बघितलं नाही. "काप्या वगर खबर नी पडे." कापल्याशिवाय कळत नाही! आता मला सांगा, चांगली निघाली तर? फुकट कापली. वाईट निघाली तर? बरं झालं कापली. आणि न कापता बसलो तर? रोज रात्री गळ्यावर हात ठेवून झोपायचं. तिन्हीकडून दार बंद! घरी दोन पोरी, कमल, आणि मी आरशासमोर थुंकी गिळत उभा. मी घाबरलो होतो हो. खोटं कशाला सांगू? चांगलाच घाबरलो होतो.

आणि अशात भेटल्या वर्षाबेन. तरुण डॉक्टरीन. वडील आमच्या अमळनेरकडचे, पण ही जन्मली सुरतेत, म्हणजे मराठी सुरू करते आणि मधेच गाडी गुजरातीत वळते. मला बाजूला घेतलं. म्हणाली, "काका, शरमावानुं नहीं हां. गाठ चांगली की वाईट, हे कापायच्या आधी लघवीतून ओळखता येतं का, ते आम्ही शोधतोय. तुम्ही लघवी देणार?"

मी एवढंच ऐकलं... कापायच्या आधी! पुढचं ते "शोधतोय" कानात शिरलंच नाही. बुडणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं, काका दोरी आहे, अजून वळतोय... तर तो वळायचं ऐकेल की दोरी ऐकेल? मी म्हटलं, "देतो! कुठं देऊ?" तर ती लाजली आणि पांढरा कॅन पुढं केला. अहो कॅन! घासलेट आणायचा असतो तेवढा! "काका, सकाळची पहिली टाकून द्यायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी याच्यात. थेंब न थेंब. एकदा जरी बाहेर गेली तर आखो दिवस नकामो, सगळं फुकट. आत थोडं ॲसिड आहे, वास नका घेऊ. थंड जागी ठेवा." आपल्याकडची पोरगी, माझ्या पोरींच्या वयाची, माझ्याशी थेंबाच्या गोष्टी करते, आणि मी मान खाली घालून, हो बेन, हो बेन!

मी सुट्टीचा वार निवडला. म्हटलं लूम बंद, घरीच असतो, कॅनपाशी बसतो. चूक! तुम्हाला सांगतो, हीच चूक. लूम बंद म्हणजे सगळेच घरी! आणि गाठीची बातमी अख्ख्या गल्लीत. सकाळपासून भेटायला लोक. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येतात ते आजाऱ्याला उठवून बसवायला येतात. आणि चहा. पाहुण्याबरोबर आजाऱ्यानंही प्यायचा. नाही प्यालो तर? लगेच कुजबुज, "बिचाऱ्याले गियताच येत नही व!" म्हणून मी पितो. आणि मी प्यायला लागलो की सगळी खोली गप्प. सगळ्यांच्या नजरा गाठीवर. वर गेली... खाली आली... "दखं, दखं, हालनी!" अहो, मी काय माकडाचा खेळ आहे?

आणि चहा आत गेला की तो बाहेर कुठं यायचा? कॅनमधे! कॅन कुठं? कोपऱ्यात, दोरीवर टाकलेल्या साडीच्या आड. आणि साडीला पाठ लावून कोण बसलंय? गल्लीतल्या समस्त बायका! बरं, लूम चालू असते तर चिंता नव्हती, त्या खडखडाटात हत्तीनं केली तरी ऐकू आली नसती. पण सुट्टीचा वार! सगळीकडे शांतता! अशा शांततेत, साडीच्या आड, प्लॅस्टिकच्या मगात... तुम्हीच सांगा. मी गेलो आत. उभा राहिलो. बाहेर एकदम सगळ्या गप्प. मी गप्प. त्या गप्प. काही केल्या येईना! मग कमलनं काय करावं? तिनं पितळी घमेलं घेतलं आणि चमच्यानं खडाखडा घासायला लागली. त्या आवाजात माझं काम झालं. पण मग काय झालं माहितीय? दिवसभर कमलनं घमेलं उचललं की सगळ्या बायका एकमेकींकडे बघायच्या. पडदा असून पडदा नाही!

बरं, जाऊ कुठं? कॅन सोडता येत नाही. कॅनला विचारलं, जाऊ का? तर मला भाईदासभाईचाच आवाज ऐकू यायचा... बदली आप, पछी जा!

दुपारनंतर मात्र दुसरी हाक आली. मोठी! त्याला काही कॅन दिला नव्हता डॉक्टरीनबाईंनी. त्याला सरकारी संडास, गल्लीच्या टोकाला, आणि सुट्टीचा वार म्हणजे अख्खी गल्ली रांगेत. कमल म्हणाली, "तो प्लॅस्टिकना मग लई जा संगे!" मी म्हटलं, रांगेत मग घेऊन उभा राहू? लोक विचारतील हा कशाला, तर काय सांगू, दुधाला चाललोय? नाही नेला. लाजलो. आणि रांग म्हणजे... पुढं सरकेचना. एक आत गेला की तिथंच संसार मांडतो. कसाबसा आत गेलो, आणि तुम्हाला सांगायला नको, शरीराला काय वेगवेगळी दारं कळतात? दोन्ही कामं एकदम झाली.

गेली. थेंब न थेंब म्हणाली होती, इथं तांब्याभर गेली!

घरी आलो, आणि खोटं नाही सांगत, डोळ्यात पाणी आलं. खोलीत कमल, वाल्मिक, आणि चलथाणहून कमलचे काका आलेले, धुडकूतात्या. चलथाणच्या साखर कारखान्यात असतात. मी म्हटलं, वाया गेलं सगळं. आता कापल्याशिवाय कळायचं नाही. आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, गळ्यावर हात ठेवून. कमल माझ्यामागं आली, बोलली नाही, नुसती शेजारी बसली. कमल बोलली नाही म्हणजे काय वेळ आली होती समजा!

थोड्या वेळानं आत आलो. वाल्मिक म्हणाला, "दादा, काही गयं नही. कॅन मस्त भरेल शे. दखं." मी उचलला. खरंच जड! मला वाटलं, मी उगाच घाबरलो, सकाळपासून एवढा चहा, त्याचा हिशोब कुठंतरी लागणारच. दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन मी दवाखान्यात असा गेलो, जसं लग्नात आहेर घेऊन जातात. वर्षाबेननं उचलला आणि म्हणाली, "वाह काका! मस्त!" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी शाबासकी दिली, ती कशासाठी, तुम्हीच बघा.

आठवड्यानं बोलावलं. मी देवाचं नाव घेत गेलो. म्हटलं आता सांगणार, चांगली की वाईट. तर कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काका, तुमच्या लघवीत साखर निघाली. बहु साखर."

साखर? मी विचारायला गेलो गाठीचं, हिनं हातात साखर ठेवली! एक दुखणं घेऊन गेलो, दोन घेऊन आलो. कमलनं त्याच संध्याकाळी घरातला साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. चहा बिनसाखरेचा. त्यात पुन्हा भेटायला लोक, गाठीचं विचारून झालं की साखरेचं विचारायचे, म्हणजे दोन दुखण्यांचे दोन चहा, दोन्ही कडू! मग वर्षाबेननं रक्त तपासलं. रक्तात साखर नाही. पुन्हा तपासलं. नाही! लघवीत पोतंभर आणि रक्तात चिमूट नाही. ती पुस्तकं काढून बसली. मला म्हणते, "काका, असं होत नथी!" मी म्हटलं, बेन, माझ्या बाबतीत होत नाही तेच होतं.

आणि मी ही हकीकत खात्यात वाल्मिकला सांगितली. म्हणजे हातवाऱ्यांनी. पाळी बदलायची वेळ, लूम चालू, कानठळ्या. मी कॅन दाखवला, असा, मग बोट चाटून दाखवलं, साखर, आणि मग दोन्ही हात वर, देवाला माहीत. तर वाल्मिकचं तोंड उतरलं. त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, काय? त्यानं हवेत कॅन काढला. मग तो ओतल्यासारखं केलं. मग पुन्हा छातीवर बोट. मग ओठांवर अशा मोठ्या मिशा पिळून दाखवल्या. मिशा? कुणाच्या मिशा? आमच्यात तेवढ्या मिशा एकाच माणसाला... धुडकूतात्या! आणि त्यानं पुन्हा ओतलं! म्हणजे माझ्या कॅनमधे या दोघांची भर! मी कपाळावर हात मारला, त्यानं कान धरले, मी त्याच्यावर मूठ उगारली, तो माझ्या पाया पडला, आणि तिकडून भाईदासभाई धावत आला, दोघांचे हात खाली पाडत, "बदली आप, पछी नाच!"

बाहेर येऊन विचारलं, अरे गाढवा, का केलंस? तर कसा म्हणतो, अगदी सरळ तोंडानं, "दादा, तुन्ही येक खेप चुकनी. मी म्हनं, आपन काबरं बसेल शेत? तुन्ही पाळी चुकस तवय मीच ऱ्हास ना उभा? तसाच उभा ऱ्हायनू. माले कमीच व्हती, म्हनीसन तात्याले सांगं."

आता याला काय बोलणार? तुम्ही बोलला असता? सगळं आयुष्य आम्ही एकमेकांच्या जागी उभे राहिलो, तिथं हा इथंही उभा राहिला! यात त्याचं काय चुकलं? मुळात सुरतेनं आम्हाला हेच शिकवलं ना, की माणूस कुठलाही चालेल!

तर साखर होती तात्यांची. त्यांना सांगितलं तर पटेना. "जवाईबापू, मी दिनभर साखरना पोतासमा ऱ्हास, मूठ मूठ खास, माले काय व्हई?" पायाच्या अंगठ्याला जखम होती त्यांच्या, केव्हाची, भरतच नव्हती. हळद लावून फडकं बांधून हिंडत होते. वर्षाबेननं तपासलं आणि कपाळावर हात मारला, म्हणाली, अजून थोडे दिवस गेले असते तर पाय गेला असता. आता गोळ्या चालू आहेत. जखम भरत आली. मला बघितलं की तात्यांच्या डोळ्यात पाणी येतं, म्हणतात, "तुन्हा कॅननी मना पाय वाचाडा." मला आनंद आहे, नाही कसा? पण गाठ माझी होती हो! कॅन माझा, लाज माझी, आणि निकाल तात्यांचा!

मग दुसरा कॅन. या वेळी घरी नाही, वॉर्डातच डांबलं. कॅनवर नाव, दाराशी नर्स, आणि वाल्मिक भेटायला आला की वर्षाबेन आधी विचारायची, "तमे करीने आव्या छो ने?" म्हणजे बाहेरूनच उरकून आलात ना! दिलं एकदाचं. एकट्याचं. थेंब न थेंब. आणि हात जोडून विचारलं, बेन, आता तरी सांग, चांगली की वाईट?

ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "काका, मी तुम्हाला खोटं नाही सांगणार. हे अजून कुणालाच वाचता येत नाही. आता तुमची गाठ कापतील, काचेखाली बघतील, आणि मग आम्ही मागं जाऊन बघू, की लघवीत आधीच काही दिसत होतं का. अशी पुष्कळ माणसं झाली की मग कदाच खबर पडे."

मी दोनदा ऐकून घेतलं. म्हणजे कापायच्या आधी कळतं का, हे कळायला... आधी कापायचं? "हो काका." मग याचा मला काय उपयोग? "तुम्हाला नाही काका. तुमच्यानंतर येतील त्यांना." बघा! म्हणजे कधीतरी कुणीतरी येईल, सुपारीएवढी गाठ घेऊन, घाबरलेला, आणि त्याला कुणीतरी म्हणेल, भाई, कापायची गरज नाही, घरी जा. का? तर त्याच्या आधी लोटू कापून घेऊन गेला. त्या माणसाच्या जागी मी. त्याला ठाऊकही नाही, आणि मी त्याची बदली!

हे ऐकत वाल्मिक तिथंच उभा होता. त्यानं टोपी काढली. आणि वर्षाबेनला म्हणाला, आमची अहिराणी सोडून मराठीत म्हणाला, तिला नीट समजावं म्हणून, "ताई, त्या टेबलावर दादाच्या जागी मी झोपलो तर चालंल का? दादाला दोन पोरी आहेत. मला कुणी नाही. आणि मला तसंही बोलायला लागत नाही, रातपाळी आहे."

थट्टा नव्हती हो. खरंच विचारत होता. मी त्याला शिव्या दिल्या, काय करणार, रडायला लागलो असतो नाहीतर. आणि आज तो इथं का नाही माहितीय? रात्रीची पाळी करून आता माझी दिवसाची ओढतोय. मी सुट्टी मागायला गेलो होतो ना, भाईदासभाईकडे. गळा दाखवला. चिठ्ठी दाखवली. भाईदासभाईनं चिठ्ठी वाचली, मोठा श्वास घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला... मला वाटलं, आता विरघळला... आणि म्हणाला, "लोटू, भगवान सारुं करशे. बदली आप, पछी जा."

...काय? कोण? माझं नाव? "लोटूभाई चिंधाभाई!" हो हो, मीच. आलो. कमल, ही चप्पल धर. अगं रडते काय, तू बोल काहीतरी, ऐकू दे तुझा आवाज! वॉर्डबॉयभाऊ, थांबा एक मिनिट, हात सोडा, पळत नाही मी, या झग्यात कुठं पळू? एकच विचारतो. समजा, नुसतं समजा, मी जरा बाहेर जाऊन आलो आणि माझ्या जागी...

काय म्हणाले ऐकलंत? "काका, अहीं बदली नी चाले."

घ्या! अख्ख्या सुरतेत एवढी एकच जागा निघाली, जिथं बदली चालत नाही... आणि तिथं नेमका माझा नंबर! चला.